छऱ्याशिवाय नेम: कोकणातल्या घरात रायफलचा सराव कसा सुरू करावा

कोकणात नेमबाजी शिकायला निघालेल्या मुलामुलींना रायफल एक वेळ मिळते, रेंज मिळत नाही. ठाणे-पनवेल मागे टाकून खाली आलं की १० मीटरची नीट बांधलेली रेंज गाठायला बहुतेकांना एसटी पकडावी लागते. आठवड्यातून एखादा दिवस जमतो. पावसाळ्यात कधीकधी तोही बुडतो. मधल्या दिवसांत रायफल कपाटात, आणि पुढच्या वेळी अर्धा दिवस मागचं आठवण्यात. घरच्या घरी, छर्रा न भरता रिकाम्या रायफलवर करायच्या 'कोऱ्या सरावाने' ही गाडी पुढे कशी न्यायची, ते या लेखात सांगतो. एनसीसीत पहिल्यांदा पॉइंट टू टू (.२२ बोअरची, काडतुसाची रायफल) हातात घेतलेल्या कॅडेटला आणि एअर रायफल शिकायला लागलेल्या शाळकरी नेमबाजाला, दोघांनाही यातलं बरंचसं लागू पडतं. आईवडिलांनी सुरक्षिततेचा भाग तरी वाचावाच.

"गोळी नाय तर बंदूक कसली शिकतास?" असं घरातली मोठी माणसं विचारतात. प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर आधी देतो. छर्रा सुटला की नवशिक्याचं सगळं लक्ष कागदावरच्या भोकाकडे जातं. भोक चांगल्या जागी पडलं की तो खूश, वाईट जागी पडलं की नाराज. चाप दाबताना बोटाने काय केलं, माशी (नळीच्या पुढच्या टोकावरची, नेम धरायची खूण) कुठे होती, श्वास कुठे होता, यातलं काही त्याला सांगता येत नाही. छर्रा नसला की बघायला एकच गोष्ट उरते: 'टक्' आवाज होतो त्या क्षणी माशी हलली का. हलली तर ती उघड दिसते. सराव कोरा असतो तेव्हा चूक लपायला जागा राहत नाही. म्हणून सुरुवातीच्या महिन्यांत मी याला रेंजची बदली मानत नाही, पाया मानतो.

चूक किती लहान असते ते आकड्यांत बघा. १० मीटर एअर रायफलच्या निशाणावर दहाचा ठिपका अवघा ०.५ मिलीमीटर व्यासाचा असतो आणि प्रत्येक रिंगची रुंदी २.५ मिलीमीटर. रायफलच्या पुढच्या टोकाची माशी एक मिलीमीटर बाजूला गेली, तर १० मीटरवर छर्रा सेंटिमीटरभर किंवा त्याहूनही जास्त सरकतो. म्हणजे चार गुण गेले. हा एक मिलीमीटर बोटाच्या झटक्याने जातो, आणि बोटाला वळण लावायला छर्रा लागत नाही.

कोणती रायफल रिकामी चालवायची, कोणती नाही

इथे घाई केली तर रायफल बिघडते, त्यामुळे थांबून वाचा.

स्पर्धेच्या एअर रायफली, म्हणजे फाइनवेर्कबाऊ, वाल्थर, अन्शुट्झ वगैरे, यांच्यात कोऱ्या सरावाची सोय बांधलेलीच असते. एक कळ फिरवली किंवा लिव्हर ठरावीक पद्धतीने चालवला की हवा न सुटता चाप खऱ्यासारखाच काम करतो. तुमच्या मॉडेलमध्ये ती सोय कशी चालते ते माहितीपुस्तिकेत बघा किंवा प्रशिक्षकाकडून एकदा समोर करून घ्या.

नळी मोडून भरायची स्प्रिंगची एअर रायफल मात्र छऱ्याशिवाय कधीही सोडू नका. छर्रा असतो तेव्हा त्याच्यामागे दाबलेली हवा पिस्टनला उशीसारखी अडवते. छर्रा नसला की पिस्टन सरळ जाऊन पुढे आदळतो, सील फाटतं, स्प्रिंग खराब होते. आपल्याकडे बहुतेकांची पहिली रायफल याच जातीची असते. तिच्यावर उभं राहणं, नेम धरणं, श्वास आणि होल्ड (रायफल स्थिर धरून ठेवणं) यांचा सराव करा, पण रायफल न ताणता. चापाचा सराव दुसऱ्या रायफलवर, मिळेल तेव्हा.

पॉइंट टू टू रायफलचा फायरिंग पिन काडतुसाच्या कडेवर मारतो. चेंबर रिकामं असलं तर काही रायफलींत पिन चेंबरच्याच कडेवर आपटून खूण पाडतो. त्यासाठी स्नॅप कॅप नावाचं खोटं काडतूस मिळतं. एनसीसीत रायफल युनिटची असते, तेव्हा तिथे उस्ताद सांगतील तसंच करायचं. स्वतःच्या डोक्याने काही करायचं नाही.

आता एक खास कोकणातली गोष्ट. आपल्या अनेक वाड्यांत डुकरा-माकडांपासून शेत राखायला परवान्याची बंदूक असते, कुठे अजून ठासणीचीही. ती या सरावासाठी नाही. ठासणीच्या बंदुकीला मागून उघडून बघायचं चेंबरच नसतं. आत दारू ठासलेली आहे की नाही हे बाहेरून कळत नाही, आणि वर्षभर कोपऱ्यात उभी असलेली बंदूकही भरलेली असू शकते. आजोबांची बंदूक हाताळायला घेऊन 'रिकामीच आहे' म्हणत घोडा पाडणं, हे कुणीही, कधीही करू नये.

कायद्याचं थोडक्यात. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार ४.५ मिलीमीटरपर्यंतच्या व्यासाच्या आणि २० ज्यूलपर्यंतच्या ताकदीच्या एअर रायफलला परवाना लागत नाही. पॉइंट टू टू आणि त्यावरच्या रायफलींना लागतो. खरेदीची पावती जपून ठेवा. गाव लहान असेल तर पोलीस पाटलांच्या कानावर घालून ठेवा की आमचं मूल नेमबाजी शिकतं आणि घरी रिकाम्या रायफलवर सराव करतं. खिडकीतून कुणी बघितलं तर गावभर भलतीच बातमी जायला वेळ लागत नाही.

सरावाआधीची तपासणी

कोऱ्या सरावातले अपघात बहुतेक वेळा एकाच प्रकारे होतात: रायफल रिकामी आहे असं वाटत असतं आणि ती नसते. म्हणून खालचा क्रम रोज, न चुकता, त्याच क्रमाने. शंभराव्या दिवशीही पहिल्या दिवसासारखाच.

छऱ्यांची डबी सरावाच्या खोलीत असता कामा नये. ती दुसऱ्या खोलीत, कुलपात ठेवा. जॅकेटचे खिसे, पँटचे खिसे, टेबलाचा खण, रायफलची बॅग, सगळं चाचपून बघा. एक छर्रा बॅगेच्या शिवणीत अडकून राहतो आणि नेमका चुकीच्या दिवशी सापडतो.

मग रायफल सुरक्षित दिशेला धरून उघडा. डोळ्याने बघा, उजेड कमी असेल तर टॉर्च मारा. एअर रायफलच्या नळीत छर्रा अडकला आहे की नाही हे नुसत्या नजरेला कळत नाही, म्हणून स्पर्धेत मागून पुढपर्यंत आरपार जाणारा रंगीत सेफ्टी फ्लॅग घालतात. तो नसेल तर गवत कापायच्या मशीनला लागते ती नायलॉनची जाड दोरी चालते. आपल्याकडे बागायतदाराच्या घरी ती असतेच. लाल किंवा केशरी रंगाची, नळीपेक्षा वीतभर लांब कापून घ्या. मागून घातलेली दोरी पुढून बाहेर आली म्हणजे नळी मोकळी. नंतर घरातल्या मोठ्या माणसाला दाखवा आणि त्यांनी स्वतः बघून 'रिकामी' असं म्हणावं. मूल अठराच्या आतलं असेल तर सराव संपेपर्यंत मोठं माणूस त्याच खोलीत हवं.

निशाण कोणत्या भिंतीवर लावायचं? जांभ्या चिऱ्याची जाड भिंत सगळ्यात चांगली. तिच्यापलीकडे काय आहे तेही बघा. कुडाची भिंत, पत्र्याचं पार्टिशन, प्लायवूड, दरवाजा, खिडकी यांपैकी काही नको. पलीकडे कुणी झोपलेलं, बसलेलं नको. रायफल रिकामी असतानाही ती भरलेली आहे असं समजूनच दिशा निवडायची.

सगळं झालं की मोठ्याने म्हणा, "सराव सुरू." घरातल्यांना कळतं आणि स्वतःच्या मनालाही कळतं. मध्ये फोन आला, कुणी हाक मारली, वीज गेली, तर रायफल उघडून खाली ठेवा आणि परत येताना तपासणी पहिल्यापासून करा. शेवटी "सराव संपला" म्हणायचं, निशाणाचा कागद भिंतीवरून उतरवायचा आणि रायफल कुलपात. त्यानंतर 'अजून एकच' हे नाही. कागद उतरवण्याचं कारण हेच आहे: समोर निशाण दिसत राहिलं की हात परत वळतो, आणि तोवर कुणी छऱ्यांची डबी बाहेर काढलेली असू शकते.

गणपतीत आणि मे महिन्यात चाकरमानी येतात, घर पोरांनी भरून जातं. त्या दिवसांत रायफल बाहेर काढूच नका. सराव मागे पडला तर पडू दे.

जागा आणि कागद

१० मीटर लांब पडवी असेल तर उत्तमच. पडवी उघडी असेल तर समोरचा रस्ता, पाणंद, येणारी-जाणारी माणसं यांचा विचार करून नाही म्हणा आणि आत या. आतल्या खोलीत पाच मीटरही पुरतात, कारण निशाण त्या मानाने लहान करता येतं.

१० मीटरवरच्या निशाणाचा काळा भाग ३०.५ मिलीमीटर व्यासाचा असतो. पाच मीटरला १५ मिलीमीटरचं वर्तुळ काढा, चार मीटरला १२, तीन मीटरला ९. कंपासने काढून काळ्या शाईने भरलं की झालं. अंतर भिंतीपासून डोळ्यापर्यंत मोजा. स्पर्धेत निशाणाचा मध्य जमिनीपासून १.४ मीटरवर असतो. घरी अंतर निम्मं केलंत तर कागदाची उंची तुमच्या नळीची उंची आणि १.४ मीटर यांच्या बरोबर मध्ये ठेवा, म्हणजे रायफलचा कल रेंजवरच्यासारखाच राहील. हे लोक विसरतात, आणि मग घरी बसलेला पवित्रा रेंजवर गेल्यावर बदलावा लागतो.

उजेड कागदावर हवा, डोळ्यात नको. कौलारू घरात आत अंधारच असतो, एक टेबललॅम्प कागदाच्या बाजूने वळवून ठेवा. पंखा बंद. कागद हलतो आणि डोळे कोरडे पडतात. पंखा बंद म्हटल्यावर एप्रिल-मेमध्ये काय होतं ते सांगायला नको, त्यासाठी पहाटेची वेळ धरा. घामाने गाल दस्त्यावरून घसरायला लागला की त्या दिवसाचा सराव तिथेच थांबवा, कारण त्यानंतर गालाची चुकीची जागा अंगवळणी पडते.

पहिली पायरी: उभं राहणं

पहिले काही दिवस चापाला हात लावू नका. हे सांगितलं की मुलं हिरमुसतात, पण इथे वाचवलेला वेळ पुढे दुपटीने जातो.

उजव्या हाताने नेम धरणाऱ्यासाठी सांगतो; डावखुऱ्यांनी उलटं करावं. निशाणाकडे डावी बाजू करून उभे राहा, पाय खांद्याइतके फाकलेले. डावं कोपर बरगडीला किंवा कमरेच्या हाडाला टेकलं पाहिजे. वजन हाडांवर यायला हवं, दंडाच्या स्नायूवर नाही. एअर रायफलचं वजन नियमाने साडेपाच किलोपर्यंत असू शकतं, आणि एवढं वजन दंडाने धरलं तर मिनिटभरात हात थरथरतो. कंबर किंचित निशाणाच्या बाजूला, पाठीचा वरचा भाग किंचित मागे, म्हणजे रायफलचं वजन आणि शरीराचं वजन मिळून दोन्ही पायांच्या मधोमध येतं. डोकं सरळ. रायफल वर आणून साईट डोळ्यापाशी आणायची, मान वाकवून डोळा साईटकडे न्यायचा नाही.

लहान मुलांना पूर्ण वजनाची रायफल पेलत नाही. पाठीवर जबरदस्ती करू नका. तिवईवर किंवा उशीवर रायफल टेकवून बाकी सगळा सराव करता येतो. जॅकेट नसेल तर एका वेळी पाच मिनिटांच्या वर उभं राहू नका, मध्ये बसा, कंबर मोकळी करा.

एनसीसीच्या पडून करायच्या फायरिंगमध्ये अंग निशाणाच्या रेषेला थोडं तिरकं, डावं कोपर रायफलच्या जवळजवळ खाली, टाचा जमिनीला टेकलेल्या. इथेही तत्त्व तेच, आधार हाडाचा.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, शरीराचा नैसर्गिक नेम. रायफल उचलून काळ्या वर्तुळावर धरा. डोळे मिटा. दोन-तीन श्वास घ्या, खांदे सैल सोडा, शरीराला हवं तिथे जाऊ द्या. डोळे उघडा. माशी वर्तुळावरच असेल तर पवित्रा बसला. बाजूला गेली असेल तर शरीराला खरोखर तिकडे बघायचं आहे आणि तुम्ही हाताने रायफल ओढून निशाणावर आणत होता. हाताने ओढून आणलेली रायफल चाप सुटतो त्या क्षणी पुन्हा आपल्या जागी पळते. म्हणून हात नाही, पाय हलवा. मागचा पाय बोटभर सरकवा, पुन्हा डोळे मिटा, पुन्हा बघा. कोणत्या बाजूला सरकवला की माशी कुठे जाते हे दोन-चार वेळा केलं की कळतं. पडून करताना डावं कोपर जागेवर ठेवून कंबर सरकवा: कंबर डावीकडे गेली की नळी उजवीकडे जाते.

हे प्रत्येक वेळी करायचं. रोज. रायफल खाली ठेवून पाणी प्यायला गेलात तरी परत आल्यावर पहिल्यापासून. मला विचाराल तर नवशिक्याने पहिला महिना एवढंच केलं तरी त्याचा वेळ वाया गेला असं मी म्हणणार नाही.

दुसरी पायरी: श्वास आणि माशी

रायफल उचलताना श्वास घ्या, गाल टेकवताना सोडा, माशी वर्तुळावर उतरते तेव्हा निम्म्याहून जास्त श्वास बाहेर गेलेला असतो. नेहमीच्या श्वासातही, सोडल्यानंतर आणि पुढचा घेण्याआधी, एक छोटा विसावा असतो. तो थोडा लांबवायचा. सहा ते आठ सेकंद पुरतात. दहा सेकंद झाले आणि चाप सुटला नाही तर रायफल खाली आणा, श्वास घ्या, पुन्हा सुरू करा. खाली आणणं म्हणजे हार नाही. चांगला नेमबाज सामन्यातही कितीदा तरी रायफल खाली आणतो. स्पर्धेत ६० शॉट्सना ७५ मिनिटं असतात, तेवढा वेळ त्यासाठीच आहे. फार वेळ धरून ठेवलं की डोळा आधीचंच चित्र दाखवत राहतो, माशी हललेली असली तरी मनाला ती स्थिर वाटते.

नजर माशीवर. काळं वर्तुळ थोडं धूसर दिसलं पाहिजे. पीप साईट (मागच्या बारीक भोकातून बघायची) असेल तर पुढच्या रिंगमध्ये काळं वर्तुळ आणि त्याभोवती सगळीकडून सारखी पांढरी कड दिसते. ही कड फार बारीक ठेवू नका, नवशिक्याला रुंद रिंग बरी. ओपन साईट (मागे उघडी खाच असलेली) असेल तर माशीचं टोक खाचेच्या वरच्या कडेशी समतल, दोन्ही बाजूंना सारखी फट, आणि वर्तुळाच्या खाली पांढरी रेघ. दुसरा डोळा घट्ट मिटू नका, त्याने नेमाच्या डोळ्यावरही ताण येतो. त्याच्यासमोर दुधी प्लॅस्टिकची पट्टी लावा आणि दोन्ही डोळे उघडे ठेवा.

माशी पूर्ण स्थिर कधीच होत नाही. कुणाचीच नाही. ती वर्तुळात हळू डुलत राहते आणि सरावाने डुलणं लहान होत जातं. 'आत्ता मध्यावर आली, आत्ता दाब' हा मोह इथेच जन्मतो, आणि त्याच्यावरचा इलाज पुढच्या पायरीत आहे.

तिसरी पायरी: चाप, आधी कोऱ्या भिंतीवर

निशाणाचा कागद काढून टाका. समोर पांढरी भिंत. चाप शिकायचा तो इथे, कारण वर्तुळ नसलं की 'आत्ता दाब' म्हणायला कारणच उरत नाही. भिंतीला पोपडे किंवा डाग असतील तर पांढरा चार्टपेपर लावा.

तर्जनीचं पहिलं पेर, मधला मांसल भाग, चापावर. बोटाचा बाकी भाग दस्त्याला चिकटलेला नको. चापाला बहुधा दोन टप्पे असतात. पहिला टप्पा रायफल निशाणावर उतरत असतानाच घेऊन टाका, बोट दुसऱ्या टप्प्याच्या भिंतीशी जाऊन थांबतं. मग दाब वाढवत न्यायचा, सरळ मागे, डोळ्याच्या दिशेने. झटका नाही, थांबून-थांबून नाही. 'टक्' नेमकं कधी होणार हे तुम्हाला आधी माहीत नसेल तर बरोबर चाललंय. बाकीची तीन बोटं आणि अंगठा यांची पकड त्या वेळी बदलता कामा नये. नवशिक्याच्या हाताची सगळी बोटं एकदम आवळतात आणि नळी त्या बाजूला ओढली जाते.

पारखायला नाणं घ्या. नळीच्या पुढच्या टोकाजवळ सपाट जागा असेल तर सोबत्याने त्यावर रुपयाचं नाणं ठेवावं आणि तुम्ही चाप दाबावा. नाणं राहिलं पाहिजे. उभ्याने जमत नसेल तर आधी रायफल उशीवर टेकवून करा. सोबती नसेल तर मोबाइल बाजूला उभा करून बोटाचं आणि चेहऱ्याचं चित्रीकरण करा. 'टक्'च्या आधी पापणी लवते का, खांदा पुढे येतो का, हे स्वतःला जाणवत नाही, चित्रात लगेच दिसतं.

भिंतीवर बोट शांत झालं की कागद परत लावा. वर्तुळ दिसताच बोट पुन्हा घाई करू लागेल, तेव्हा कागद पुन्हा काढा. हे जाणं-येणं पुढे वर्षानुवर्षं चालतं, त्यात मागे पडल्यासारखं काही नाही.

चौथी पायरी: 'टक्'नंतर

आवाज झाला की काम संपलं असं शरीराला वाटतं आणि ते सैल पडतं. खऱ्या शॉटमध्ये छर्रा तेव्हा अजून नळीतच असतो. म्हणून 'टक्' झाल्यावर चाप मागेच धरून, गाल न उचलता, दोन-तीन सेकंद माशीकडे बघत राहा. माशी परत वर्तुळावर येऊन बसते की भलतीकडे जाते? भलतीकडे गेली तर नैसर्गिक नेम चुकलेला आहे, पायाकडे परत जा.

मग कॉल. आवाज झाला त्या क्षणी माशी कुठे होती ते तोंडाने सांगा: "मध्य", "उजवीकडे, थोडी वर". एका वहीत आधीच वर्तुळं काढून ठेवा आणि प्रत्येक कोऱ्या शॉटची जागा ठिपक्याने दाखवा. कधीकधी 'दिसलं नाही' असंच लिहावं लागेल. ते खरं लिहा. सुरुवातीला तसे बरेच असतील, आणि ते कमी होत जाणं हीच या सरावातली पहिली खरी प्रगती. स्कॅटसारखी इलेक्ट्रॉनिक यंत्रं माशीचा सगळा प्रवास पडद्यावर दाखवतात, मोठ्या केंद्रांत ती असतात. घरी वही पुरते. किंबहुना आधी वही हवी, म्हणजे पुढे यंत्रासमोर बसाल तेव्हा आपलं सांगणं किती जुळतं ते बघता येईल.

किती वेळ, किती शॉट

वीस ते तीस मिनिटं, त्यात तपासणी आणि नैसर्गिक नेम धरून. पंधरा-वीस कोरे शॉट नवशिक्याला भरपूर झाले. दोन शॉटांमध्ये रायफल खाली, अर्धा-एक मिनिट. आठवड्यातले चार-पाच दिवस असा थोडा थोडा सराव, रविवारी एकदम तीन तास करण्यापेक्षा कितीतरी चांगला. डोकं दुसरीकडे असेल, परीक्षेचा अभ्यास राहिला असेल, घरात भांडण झालं असेल, तर रायफल काढू नका. थकलेल्या मनाने केलेला सराव चुकीचीच सवय पक्की करतो.

रायफल काही कारणाने हाताशी नसेल तेव्हाही उभं राहण्याचा, श्वासाचा आणि डोळे मिटून पाय सरकवण्याचा सराव एखाद्या जड काठीवर चालतो. आणि निवडणुकीच्या काळात परवान्याची शस्त्रं जमा करायला सांगितली जातात, तेव्हा तर काठीच.

खारं वारं आणि पाऊस

किनाऱ्यावर लोखंड कसं गंजतं हे आपल्याला कुणी शिकवायला नको. सराव संपला की हाताचा आणि गालाचा घाम रायफलवरून पुसून घ्या, घामातलं मीठ समुद्राच्या वाऱ्याइतकंच वाईट. लोखंडी भागावर तेलाचा हलका हात मारा, तेलाचा थेंब एअर रायफलच्या नळीत किंवा हवेच्या वाटेत जाऊ देऊ नका. फोमच्या पेटीत पावसाळाभर बंद ठेवू नका. फोम ओल धरतो आणि जिथे टेकतो तिथेच गंज उठतो. कोरड्या कपाटात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा आणि पुड्या अधूनमधून तापवून कोरड्या करून घ्या. पावसात लाकडी दस्ता फुगतो, त्याचे स्क्रू सैल किंवा घट्ट होतात, महिन्यातून एकदा तपासा. स्पर्धेच्या रायफलचा हवेचा सिलिंडर उन्हात, गाडीच्या डिकीत ठेवू नये, आणि त्याची मुदत किती आहे ते त्याच्यावरच छापलेलं असतं, ते बघा.

रेंजवर गेल्यावर

महाराष्ट्राने रायफलमध्ये मोठी माणसं दिली आहेत. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनला कांस्य मिळवणारा स्वप्निल कुसाळे कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा, २०२२ मध्ये कैरोला १० मीटर एअर रायफलचा जगज्जेता झालेला रुद्रांक्ष पाटील ठाण्याचा, आणि २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठलेल्या सुमा शिरूर यांची अकादमी पनवेलला, म्हणजे आपल्याच कोकणच्या दारात आहे. अशा ठिकाणी महिन्यातून एकदा जरी जाता आलं तरी घरचा सराव तपासून घेता येतो, कारण पवित्र्यातल्या काही चुका बाहेरून बघणाऱ्यालाच दिसतात.

रेंजवर पोचल्यावर लगेच छर्रा भरू नका. रेंज ऑफिसरला विचारून, त्यांनी परवानगी दिली की लाइनवर दहा कोरे शॉट करा. पाय, नैसर्गिक नेम, श्वास, चाप, कॉल, घरच्यासारखंच. मग छर्रे भरून दहा शॉट, आणि प्रत्येक शॉटनंतर कागदाकडे किंवा पडद्याकडे बघण्याआधी कॉल वहीत लिहा. नंतर ताडून बघा. कॉल आणि भोक जुळत असतील तर साईटचे स्क्रू फिरवून भोकांचा गट मध्यावर आणायला हरकत नाही. जुळत नसतील तर साईटला हात लावू नका. शॉट सुटताना तुम्हाला माशी दिसत नाहीये, आणि त्यावरचं काम पुन्हा घरच्या पांढऱ्या भिंतीवरच करायचं आहे. छर्रा भरल्यावरच पापणी लवते असा संशय असेल, आणि रायफल स्प्रिंगची नसेल, तर सोबत्याला सांगा की तुम्हाला न दाखवता कधी छर्रा भर, कधी भरल्यासारखं करून नुसतंच बंद कर. रिकाम्या शॉटला नळी खाली झुकली की सोबत्याला ते लगेच दिसेल. त्या दिवशीचे उरलेले छर्रे डबीत परत ठेवा आणि बाकीचा वेळ कोऱ्या शॉटांना द्या.